रविताचा तिसरा टेक

भागाकाराचं उदाहरण फळ्यावर अर्धं असताना रविता बसकरपट्टीवरच ओकली.

चौथीचा वर्ग. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आमची जिल्हा परिषदेची शाळा. रविताचे आईवडील पावरा आदिवासी, केळीच्या बागेत मजुरीला जाणारे. ती वर्गात फार बोलायची नाही. तिची मराठी ऐकून पोरं हसायची.

आताही पोरांनी नाकं दाबली आणि सरकून भिंतीला चिकटली. मी रागावले नाही. बादली आणली आणि फरशी पुसायला बसले. तेवढ्यात कोमल उठली. रविताला हसण्यात हीच कायम पुढे. तिने आपली पाण्याची बाटली रविताला दिली आणि तिच्या वेण्या मागे धरून उभी राहिली. मग एकाने माती आणून टाकली. आणखी दोघींनी पट्टी हापशावर नेऊन धुतली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोमल रविताशेजारी येऊन बसली. परिपाठात, म्हणजे सकाळच्या प्रार्थनेनंतर, मी बावीस वर्षं बोधकथा सांगत आले. त्यातल्या एकीने असं काही घडवलेलं मला आठवत नाही.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी ते महिन्याच्या मीटिंगमध्ये सांगितलं.

आमचे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, एकदम खूश झाले.

"मॅडम, व्हिडिओ आहे का याचा?"

"नाही सर. अचानक घडलं."

"मग परत घ्या. मूल्यशिक्षणाचा उपक्रम म्हणून वर पाठवू. आपल्या केंद्रातून यंदा काहीच गेलेलं नाही."

"पोरगी खरंच आजारी होती, सर."

"आता बरी आहे ना? मग अडचण काय?"

नाही म्हणता आलं असतं. नोकरी काही जाणार नव्हती. पण सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्या मला आवडल्या होत्या.

साहेब स्वतः मोबाईल घेऊन शाळेत आले. पोषण आहाराची खिचडी पाण्यात कालवून रवितासमोर ओतली. ओतली मीच. पहिल्या टेकला पोरं हसली. दुसऱ्या टेकला कोमल कॅमेऱ्याकडे बघत राहिली. "बाळा, पोट दुखतंय असं तोंड कर," साहेब रविताला म्हणाले. तिने केलं. तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं.

"हा बेस्ट आला," साहेब म्हणाले.

मी धावत जाऊन तिला जवळ घेतलं. तेही व्हिडिओत आहे.

व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवरून गावाच्या ग्रुपवर गेला. मोठी पोरं रविताला रस्त्यात 'ओकारी' म्हणायला लागली. कोमलचं मात्र घरोघर कौतुक झालं. आपणच कशी रविताची घाण काढली, हे ती वर्गात रविताच्या देखत सांगायची. आठवड्याभरात ती आपल्या जुन्या जागेवर परत गेली. रविता यायची बंद झाली.

तिचे वडील भावसिंग एकदा शाळेत आले. आत या म्हटलं तरी दारातच उभे राहिले.

"मॅडम, पोर बिमार व्हती तवय तुम्ही तिले सांभाळं. हाई बठ्ठं माले मालूम शे," ते म्हणाले. "मंग बरी व्हती तवय तिले बिमार कसाले करी?"

बऱ्या पोरीला आजारी कशाला केलं, एवढंच ते विचारत होते. व्हिडिओ काढण्याआधी त्यांना विचारावं, हेही मला सुचलं नव्हतं.

"चुकलं माझं, भाऊ. पण तिची शाळा बंद करू नका."

"मी नई करत. तीच नई म्हणस."

मी दोनदा त्यांच्या पाड्यावर गेले. दोन्ही वेळा मला पाहून ती घराच्या मागच्या बाजूला निघून गेली. आता ती आईबरोबर कापूस वेचायला जाते. साहेबांच्या उपक्रमाची तालुक्यात निवड झाली. मला शाल आणि प्रमाणपत्र मिळालं. घ्यायला गेले होते, हेही सांगून टाकते.

आजही वर्गात मधूनच काही चांगलं घडतं. मी ते बघते आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहिते. मीटिंगमध्ये साहेब विचारतात, "मॅडम, काही विशेष?"

मी म्हणते, "काही नाही, सर."