कापलेल्या पायाला शेक

आसगावात आनंदराव चालायला लागले की सोबतच्यांना धावावं लागायचं. तोच माणूस मागच्या वर्षी पन्नास पावलांवर थांबू लागला, दुसऱ्याच्या बांधीतलं धान न्याहाळण्याचं सोंग करू लागला. पोटरी आवळून यायची, थांबलं की सुटायची. शुगर दहा वर्षांची जुनी. पण "वात आहे" म्हणून त्यांनी विषय मिटवला. पाय दुखतो हे सांगायची पुरुषांना कसली लाज वाटते कोण जाणे!

बायकोने, रत्नमालाने, तव्यावर धानाचा कोंडा तापवला, फडक्यात पुरचुंडी बांधली आणि रोज तळपायाला शेक दिला. इकडे घरोघरी देतात. पाय बधिर झालेला, चटका बसला तरी आनंदरावांना कळलं नाही. फोड आला, फुटला, चिघळला.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी डाव्या पायाचा एक्स-रे उजेडासमोर धरला. हाडांच्या मधून दोन पांढऱ्या रेघा खाली उतरत होत्या. रत्नमालाला वाटलं, तार शिरली.

"या रक्ताच्या नळ्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "भिंतीत कॅल्शियम साचून कडक झाल्या, आतून अरुंदही. रक्तच पोचत नाही, तर जखम भरणार कशी? शेक द्यायचाच नव्हता." मग त्यांनी उजव्या पायाचा एक्स-रे दाखवला. त्यातही तशाच रेघा. "हा जपा. थंड पडला, रंग बदलला, तर त्याच घटकेला आणा."

डावा पाय गुडघ्याखाली कापला. मुलाने, अश्वजितने, तो कापडात गुंडाळून शेताच्या कडेला, धुऱ्यावर पुरला. रत्नमालाने त्या वाटेने जाणंच सोडलं. आपल्याच हातांनी शेक देऊन आपण तो जाळला, हे तिच्या मनातून जाता जात नव्हतं. त्यात आनंदराव रोज दिवेलागणीला हाक मारायचे, "डावा पाय थंडा पडून राहिला. शेक दे ना वं."

"तो पाय नाही ना जी आता."

"मले मालूम आहे. तरी थंडा लागते."

एका संध्याकाळी तिला राहवलं नाही. कोंडा तापवून तिने पुरचुंडी सतरंजीवर ठेवली, पाय असता त्या जागी. आनंदरावांनी डोळे मिटले. "आता बरं वाटते," म्हणाले. तिच्या अंगावर काटा आला, आणि कित्येक महिन्यांनी जरा हलकंही वाटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता उजव्याले दे. तोही थंडा पडला."

तिने पुरचुंडी उचललीसुद्धा होती. मग दुसरा हात पावलाला लागला. गार. बोटं निळसर.

तिने पुरचुंडी अंगणात भिरकावली. "अश्वजित, गाडी काढ! आत्ताच्या आत्ता!"

आनंदराव गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "काहून वं? आधी शेक तर दे."