रायरमामांचं तिसरं गेट

रायरमामा आवाज ऐकल्याशिवाय कुणालाही ग्रुपमध्ये घेत नसत. कुणी नाव-गाव लिहून पाठवो, कुणाची ओळख सांगो, मामा आधी फोन करायचे. फोनवर चौकशी अशी काहीच नसे. "जेवण झालं काय?" एवढंच विचारायचे आणि पुढचा काय बोलतो ते ऐकत राहायचे. माल विकायला आलेला माणूस या प्रश्नाला गडबडतो, असं त्यांचं म्हणणं. "घर सोडून आलेला मात्र सांगतो. काय जेवला, मीठ कुठं कमी पडलं, अस्कं सांगतो." अस्कं म्हणजे सगळं. असे त्यांचे काही शब्द आम्हाला नवे वाटायचे, पण खरं तर ते आमच्या शब्दांपेक्षा जुने होते.

मामा तंजावरकडच्या मराठी घरातले. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली ही माणसं. तमिळ शेजारी त्यांना रायर म्हणतात, आम्ही पुढे मामा जोडलं. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर जायचं, वाक्याच्या शेवटी आवाज वर चढायचा. शहराजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात ते पास देण्याच्या खिडकीवर होते. कुणाला कुठल्या गेटातून कुठपर्यंत सोडायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं. रिटायर झाल्यावर मोबाइल हातात आला आणि त्यांनी शहरातल्या मराठी माणसांचा ग्रुप काढला. त्यात त्यांच्यासारखी जुनी घरं होती, कंपन्यांत कामाला आलेली पुण्या-नाशिकची मुलं-मुली होत्या, आणि आमच्यासारखीही होती. माझे मालक गिंडीला एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. आम्ही जतकडचे.

माझ्या मुलीने मला ग्रुपात घालायचं ठरवलं तेव्हा मामांचा फोन आला. मला फोनवर बोलायची फार भीती. परक्या माणसाशी तर जास्तच. मामांनी विचारलं, जेवण झालं काय. मी गप्प. ते म्हणाले, "बोलू नको अम्मा. झालं असलं तर नुसतं हूं म्हण." मी हूं म्हटलं. "सरी," म्हणाले. सरी म्हणजे बरं, ठीक. तेवढ्यावर मी आत गेले.

आत गेल्यावर मामांचा कारभार दिसला. सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार पाठवणाऱ्यांना त्यांनी वेगळा ग्रुप करून दिला होता. तिथे ज्याने त्याने हवी तेवढी फुलं टाकावीत. एक गृहस्थ रागावले, "मामा, मला बागेत नेऊन सोडलंत की!" मामांनी उत्तर दिलं, "बागेत देवमाणसं असतात. तुम्ही तिथंच शोभता." ते गृहस्थ खूश झाले. एक तरुण मात्र हटून बसला होता. "मामा, ऑफिसात माझ्या हाताखाली बारा जण आहेत. मला अॅडमिन करा, मी सगळं शिस्तीत लावून देतो." मामा म्हणाले, "ऑफिसात लाव बाबा शिस्त. इथं आधी वर्षभर ऐक." त्याने ऐकलं नाही, पण ग्रुप सोडलाही नाही. मामांवर रागावून कुणी जात नसे, हीच त्यांची खुबी.

मला अॅडमिन त्यांनी का केलं, हे मला अजून नीट कळत नाही. झालं असं की तंजावरकडच्या एका आजींनी बोलून मेसेज पाठवला आणि दोघा-तिघा मुलांनी त्याखाली हसण्याची चित्रं टाकली. त्यांना ती भाषा गमतीची वाटली असेल. मला आजींचा आवाज बारीक होत गेलेला आठवत राहिला. ग्रुपात लिहायची हिंमत नव्हती म्हणून मी मामांना एकट्यांना लिहिलं, "त्या आता परत बोलणार नाहीत." दुसऱ्या दिवशी माझ्या नावापुढे 'अॅडमिन' आलं. मालक पोट धरून हसले. "चौथी शिकून सायेब झालीस की गं!" मी घाबरून मामांना फोन केला, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून. मला नको म्हटलं. मामा म्हणाले, "ज्याला बोलायची फार हौस, त्याला दुसऱ्याचं तोंड बंद करायचीपण हौस असते. तुला दोन्ही नाही. राहू दे."

मग त्यांनी मला घरी बोलावून शिकवलं. पार्क स्टेशनला उतरून आवडीची लोकल धरायची, हेही त्यांनीच सांगितलं. ओट्यावर कॉफीचे डबरे, म्हणजे तिकडचे वाटी-पेले, ठेवून त्यांनी मोबाइल उघडला. "तीन गेटं आहेत बघ. पहिलं, आत यायचं. दुसरं, बोलायचं. कुणाला नुसतं वाचू द्यायचं, कुणाला बोलू द्यायचं, ते इथून. तिसरं, दुसऱ्यानं बोललेलं काढून टाकायचं." तिसऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही, नुसतं लांबून दाखवलं. "हे उघडायच्या आधी त्या माणसाला फोन करायचा. काय म्हणायचं होतं ते विचारायचं. फोन केल्याशिवाय हे गेट नाही." मी मान हलवली. मनात आलं, मी कशाला कुणाचं काढतेय.

मी काढलं, आणि ते मामांचंच.

गुढीपाडव्याची सकाळ होती. तरुण मंडळींनी हॉल घेतला होता, मुलांची नाच-गाणी होती, दुपारी पुरणपोळी. मी घरी गुढीला साखरेची गाठी बांधत होते. मृणालचा फोन आला. ही पुण्याची, कंपनीत मोठ्या पगारावर, कार्यक्रमाचं सगळं तिच्या अंगावर. मुलगी चांगली आहे, हे मी आजही म्हणेन. ती घाईघाईने बोलत होती. "ताई, ग्रुप बघितलात का? मामांनी मेसेज टाकलाय. कमलाअक्का गेल्या म्हणे. वाईटच झालं हो, पण सणाची सकाळ आहे, सगळे नटूनथटून निघालेत, लहान मुलं मोबाइल बघतात. तुम्ही जरा काढता का तो? दुपारी आपणच परत टाकू."

मी म्हटलं, "मामांना विचारते."

"मामा फोन उचलत नाहीयेत, ताई. मी दोनदा केला. तुम्हीच आहात आता. प्लीज."

कमलाअक्का म्हणजे त्याच आजी, ज्यांच्या बोलण्याला मुलं हसली होती. एकट्या राहायच्या, मूलबाळ नव्हतं. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायला आधी काहीतरी बोलावं लागतं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, पाडव्याच्या दिवशी अशी बातमी पहिल्यांदा कानावर नको. आमच्याकडेही सणाला अशी गोष्ट दाराबाहेरच ठेवतात. मामांचा मेसेज बोललेला होता, लांब होता. मी तो ऐकला नाही. त्यावर बोट दाबून धरलं, विचारणा आली, हो म्हटलं. मेसेज गेला. त्या जागी एक ओळ उरली: हा मेसेज अॅडमिन सुमन यांनी काढला.

माझं नाव एवढ्या ठळकपणे त्या ग्रुपात कधीच दिसलं नव्हतं.

हॉलवर गेले तेव्हा मृणालने माझा हात दाबला. मुलांनी लेझीम केलं. मी पोळ्या वाढत होते, तेव्हा शेजारच्या पंगतीतली तंजावरकडची एक बाई दुसरीला म्हणाली, "रायर काही मागत होते म्हणे. मी ऐकेपर्यंत मेसेज गेला की." माझ्या हातातली पोळी तशीच राहिली. मी मृणालला बाजूला घेतलं. "तुम्ही पूर्ण ऐकला होता का?" ती म्हणाली, "नाही हो. त्यांचं बोलणं मला अर्धंच कळतं. गेल्या म्हणाले तेवढं कळलं." मग आम्ही दोघी तो मेसेज परत आणायला लागलो. तिने ऑफिसातल्या एका हुशार मुलाला फोन केला. तो म्हणाला, आता येत नाही. मी मामांना फोन केला, तो वाजत राहिला.

संध्याकाळी मामांचाच फोन आला. आवाज बसलेला होता. स्मशानातून आले होते. कमलाअक्कांना दुपारच्या आत न्यायचं होतं आणि खांदा द्यायला माणसं हवी होती. आपली चार माणसं या, एवढं त्यांनी मागितलं होतं. मेसेज टाकून ते पुढच्या कामाला लागले, मोबाइल पिशवीत राहिला. येतील म्हणून वाट बघितली. शेवटी खालच्या तमिळ घरमालकाची दोन्ही मुलं आली आणि नाक्यावरचा एक रिक्षावाला. चौथे मामा. या वयात.

"सुमन," ते म्हणाले, "काढायच्या आधी तू ऐकलं होतंस काय?"

"नाही मामा."

"सरी."

यापेक्षा जास्त ते कधीच बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी म्हटलं, माझ्या नावापुढचं ते काढून घ्या. ते म्हणाले, "ते काढलं तर अक्का परत येणार काय? जेव आणि झोप." मृणालने दुसऱ्या दिवशी ग्रुपात माफी मागितली, स्वतःचं नाव घालून. मी नुसते हात जोडलेलं चित्र टाकलं. मामांनी खाली लिहिलं, चूक माझी, मरणाची खबर फोन करून द्यायला पाहिजे होती. सगळ्यांनी मामांचं कौतुक केलं. मला ते वाचवेना.

अक्कांच्या दिवसांना मी गेले. मामांनी मला पुढे बसवलं, लोकांना सांगितलं, "ही आमची सुमन, ग्रुप बघते." एक म्हातारी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. मामांनी तिला जेवायला लवकर उठवलं.

पुढे त्यांच्या मुलीने त्यांना कोइम्बतूरला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी मी आवडीला गेले. घरात बांधाबांध चालली होती. मामांनी मोबाइल काढला आणि ग्रुप पूर्णपणे माझ्या नावावर केला. मी म्हटलं, "त्या मृणालला द्या. नाहीतर त्या बारा माणसांच्या साहेबाला."

"ती दोघं चुकली तर लगेच विसरतील. हुशार आहेत."

"आणि मी?"

ग्रुपातून बाहेर पडायचं बटण त्यांनी माझ्यासमोर दाबलं. मी त्यांना लगेच परत घ्यायला गेले, तर त्यांनी माझ्या मोबाइलवर हात ठेवला. "नको. साधा मेंबर म्हणूनही नको. मी आत असलो तर तू प्रत्येक वेळी मलाच विचारशील. ज्याला विचारायचं त्याला विचारणार नाहीस."

दारापर्यंत ते सोडायला आले. मी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "गाडी चुकवू नको."

गाडीत बसल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. शिकवावं म्हणूनच ते बाहेर पडले, असं मी धरून चालले होते. आता ग्रुपात कुणाची तक्रार आली की मी आधी फोन करते. भीती अजून वाटते, तरी करते. लोक म्हणतात, मामांनी चांगलं माणूस निवडलं. पण मला कधी कधी वाटतं, ज्या ग्रुपाने त्यांच्या खांद्याला खांदा दिला नाही, तिथे त्यांना राहायचंच नव्हतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी शिकवण्याचं निमित्त केलं. कोइम्बतूरला फोन करून हे एकदा विचारावं म्हणते. ते "जेवण झालं काय?" म्हणतात, मी हूं म्हणते, आणि फोन ठेवून देते.