सूनबाईंचं मत

इतक्या वर्षांच्या नोकरीत घरफोड्या, मारामाऱ्या बऱ्याच हाताळल्या. पण निवृत्तीनंतरही मनातून जात नाही ती दोन बंद पाकिटांची केस.

नवऱ्याच्या नोकरीमागून मी डब्लिनला आले आणि नुसतं घरी बसवेना म्हणून इथल्या पोलिसांत भरती झाले. शेवटी टॅला या उपनगरातल्या ठाण्यात होते. वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे सिनेटची निवडणूक चालू होती. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखाच प्रकार. इथली पदवी आणि नागरिकत्व असेल तर मतपत्रिका टपालाने घरी येते. विद्यमान सिनेटर पुन्हा उभे होते आणि लढत अटीतटीची होती.

एका सकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज. सिनेटरचा कार्यकर्ता एका भारतीय घरातून मतपत्रिका घेऊन गेला, एवढं आणि त्याचं नाव सांगून तिने फोन ठेवला. सार्जंटच्या कपाळाला आठ्या. म्हणाला, "सिनेटरच्या माणसांनी मतं चोरली असं बाहेर गेलं, तर त्याचं संपलंच." मी म्हटलं, चोरली असतील तर जाऊ दे की बाहेर.

कार्यकर्ता मराठीच निघाला, किराणा दुकानवाला. रीतसर सूचना देऊन आणि शेजारी आयरिश सहकारी बसवून चौकशी केली. आपल्या माणसाला पाठीशी घातलं, असं कुणी म्हणायला नको. तो घामाघूम झाला होता. प्रचाराला गेलो, काकांनी पोहे खायला घातले, निघताना दोन पाकिटं पोस्टात टाकायला दिली, अजून दुकानातच आहेत, असं त्याने सांगितलं. लबाड माणसाची उत्तरं तयार असतात. हा आठवून आठवून बोलत होता. मतं कुणी भरली, असं मी विचारलं.

"काकांनीच, माझ्यासमोर. मुलाचं आणि सुनेचं. आमच्याकडेही सगळं बाबाच भरतात मॅडम, मला त्यात काही वाटलंच नाही."

काका म्हणजे पुण्याहून मुलाकडे आलेले निवृत्त बँक अधिकारी. लपवाछपवी नावालाही नाही. आम्हाला बसायला सांगून त्यांनी आपणहून सगळं सांगितलं. मुलं कामात बुडालेली, सिनेटर अनुभवी, म्हणून मतं आपणच भरली म्हणाले. सह्याही त्यांनीच केल्या होत्या. पुण्यात सोसायटीच्या सभेला घरातल्या सगळ्यांच्या सह्या तेच करायचे म्हणे. मला आधी हसू आलं, मग फार राग आला.

तेवढ्यात हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून डॉक्टर सून आली. अंगातला कोट न काढता दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "फोन मी केला होता." आपलं पाकीट कुठे गेलं असं तिने विचारलं, तेव्हा सासऱ्यांनी 'तो घेऊन गेला' एवढंच सांगितलं होतं.

आतल्या खोलीत काम करत बसलेला तिचा नवरा बाहेर येऊन मध्ये पडला. घरातली गोष्ट आहे, बाबांना समज देऊन मिटवा म्हणाला. मिटवणं सोपंही होतं.

"घरातली नाही," ती म्हणाली. "नागरिकत्व घेतल्यानंतरचं माझं पहिलं मत आहे ते. मला जबाब द्यायचाय." मी पेन काढलं.

पाकिटं न उघडता ताब्यात घेतली, निवडणूक अधिकाऱ्यांना कळवलं आणि दुकानदाराला मोकळं केलं. काकांना जबाबासाठी ठाण्यात सुनेनेच गाडीतून आणलं आणि ती बाहेर बाकावर बसून राहिली. जबाब वाचून दाखवून मी सही मागितली. काकांनी पेन हातात घेतलं.

"ही तरी माझीच ना?" त्यांनी विचारलं.

वय आणि कबुली बघून कोर्टाऐवजी त्यांना ताकीद मिळाली. नवरा-बायकोला नव्या मतपत्रिका आल्या. तिने आपलं पाकीट स्वतः चालत जाऊन कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीत टाकलं.

चोर लपवाछपवी करतो म्हणून सापडतो. हक्काने घेणारा मात्र तुमच्यापुढे पोह्यांची बशी ठेवतो, आणि त्याला अडवायला घरातल्याच कुणाला तरी उभं राहावं लागतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं, त्या मुलीने शिकवलं.

सिनेटर निवडून आले. तिचं मत त्यांना होतं की नाही, हे मी तिला विचारलं नाही. पुढे एकदा दुकानात भेटली तेव्हा ती हसून म्हणाली, बाबांनीही विचारलं नाही.