कागदाला दिलेला पांढरा हात

माझा धाकटा भाऊ रंगारी आहे. लोकांच्या भिंती रंगवतो आणि घरी येऊन आमच्या भिंतींना नावं ठेवतो. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी छत बघेल, मग माणसं. "यांची पुट्टी नीट घासलेली नाही," असं एकदा त्यानं यजमानांच्या तोंडावर सांगितलं, आणि मला पुन्हा त्या घरी जायला तोंड उरलं नाही. काम मात्र चोख. रंग वाळला की कोपऱ्यात जाऊन नखानं खरवडून बघेल, आणि मगच काम झालं म्हणेल.

त्याची मुलगी चित्रं काढते. बोटांत खडू धरता यायला लागल्यापासून, जिथं जागा दिसेल तिथं. अंगावर सदा कसले ना कसले डाग, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणतात. तिची आई इस्पितळात दुपारपाळीला असते, त्यामुळे शाळा सुटली की ठिपकी माझ्याकडे. मी शेजारच्याच खोलीत शिवणकाम करते. माझ्या मशीनच्या पायाशी बसून ती कापडाच्या ताग्यांमधले पुठ्ठे रंगवत असते.

एकदा मी भावाला म्हटलं, "अरे, पोरीला रंगांची एक साधी पेटी घेऊन दे. कोपऱ्यावरच्या दुकानात चांगली स्वस्त मिळते."

त्याला ते झोंबलं. "रंगाऱ्याच्या पोरीनं दुकानातून रंग आणायचे? लोक हसतील, ताई."

मग पठ्ठ्या स्वतःच कामाला लागला. संपत आलेल्या डिस्टेंपरच्या डब्यांचे तळ खरवडून आणले. छटा बनवायच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांतले थेंब घालून झाकणाझाकणांत वेगवेगळे रंग कालवले. झिजलेल्या ब्रशाचे केस छाटून बारीक ब्रश केला, तोही माझ्या चांगल्या कात्रीनं, न विचारता. आणि कागद म्हणजे गिऱ्हाइकाची फरशी खराब होऊ नये म्हणून अंथरतात तो खाकी, उरलेला. "दुकानातल्या पेटीत असा निळा असला तर दाखव," असं म्हणून दिवसभर छाती फुगवून हिंडत होता. निळा खरंच सुरेख होता, हे मला कबूल करावं लागलं.

वरच्या मजल्यावर ठिपकीची जिवाभावाची मैत्रीण राहायची. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. मैत्रिणीच्या वडिलांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला घर घेतलं, शाळाही बदलायचं ठरलं. ठिपकी काही दिवस वरच्याच मजल्यावर पडीक असायची. मग एके दिवशी मला म्हणाली, "आत्या, मी तिला मोठ्ठं चित्र देणार. जिन्यात बसलेल्या आम्ही दोघी."

पण खाकी कागदावर चेहरे मळकट दिसायला लागले. ती कुरकुरत बापाकडे गेली. "हात्तिच्या, एवढंच ना?" तो म्हणाला. "आधी एक पांढरा हात देऊ." रंगाऱ्यांच्या बोलीत रंगाचा थर म्हणजे हात. नवी भिंत दिसली की आधी पांढरा हात, हे त्याच्या अंगात इतकं भिनलेलं, की समोर भिंत आहे की कागद याचा विचारच त्यानं केला नाही. डिस्टेंपरमध्ये पुट्टी मिसळून त्यानं कागदाला चांगला जाड थर दिला, वाळल्यावर पॉलिशपेपरनं घासला. कागद पत्र्यासारखा ताठ झाला. त्यावर ठिपकीनं जीव ओतला. मैत्रिणीच्या कपाळावरचे वाकडे कापलेले केस, स्वतःच्या फ्रॉकचं तुटलेलं बटण, कठड्याच्या सळया, काही म्हणता काही सोडलं नाही.

निघायच्या दिवशी दारात ट्रक उभा होता. भावानं चित्राची गुंडाळी केली आणि माझ्याकडून नाडी घेऊन बांधली. गुंडाळताना बारीक करकर झाली. ती त्यानं ऐकली होती. हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

खाली मैत्रिणीचे वडील सामान चढवून घेत होते. "पेंटर, नव्या घराचं काम तुम्हीच बघायचं बरं का," ते म्हणाले आणि हा फुलून गेला. तेवढ्यात मैत्रिणीनं नाडी सोडून चित्र उलगडलं. पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे सुटतात तसे रंगाचे पोपडे पायरीवर पडले. दोघींचे चेहरेच आधी गेले. हातात राहिला जिना, कठडा आणि मध्ये खाकी कागद.

"अरेच्चा! हे काय झालं, पेंटर?"

आणि माझा भाऊ हसला. "पोरीनं रंग फार जाड लावला, साहेब. कितीदा सांगितलं, ऐकतच नाही."

ठिपकीनं त्याच्याकडे बघितलं. रडली नाही. मैत्रिणीला म्हणाली, "हो, मी जाड लावला." ट्रक निघाला, आणि मैत्रिणीनं ते चित्र तसंच मांडीवर धरून नेलं.

माझ्या डोक्यात सणक गेली. पायरीवरचे पोपडे मी सुपलीत भरले आणि सुपली त्याच्या नाकासमोर धरली. प्रत्येक तुकड्याच्या पाठीला पांढरा थर होता. पोरीचा रंग त्या थराला घट्ट धरून होता. थरानंच कागद सोडला होता.

"हा पांढरा कुणाचा?"

"कळतंय मला, ताई."

"मग तिच्यावर खापर का फोडलंस?"

"साहेबांसमोर काय सांगू? ज्याला घरातला एक कागद धड रंगवता येत नाही, त्याला ते घर देतील?"

मला जे सुचलं ते मी बोलले. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साहेबांचा फोन काही आला नाही. आणि ठिपकीची चित्रं फिकी व्हायला लागली. रंगात ती इतकं पाणी घालायची, की कागद ओला दिसे आणि चित्र दिसतच नसे. "काय काढलंयस गं?" मी विचारलं. "झाड आहे," ती म्हणाली. "जाड लावलं की पडतं ना, आत्या." भाऊ दारात उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तसाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी दुकानातली पेटी आली. जी आणली तर लोक हसणार होते, ती. ठिपकीनं त्यातल्या रंगांतही तसंच पाणी ओतलं. त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. रोज तिच्याशेजारी जाऊन बसायचा, "आज काय काढलं?" म्हणायचा आणि मूग गिळून उठायचा. मला राग यायचा आणि कीवही यायची. लहानपणीही त्यानं काही फोडलं, की तो असाच माझ्याभोवती घुटमळायचा.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी तो तिच्यापुढे मांडी घालून बसला. मी मशीन थांबवलं.

"ठिपके, ते चित्र माझ्यामुळे पडलं. पांढरा हात भिंतीला देतात, कागदाला नाही. भिंत वळत नाही, कागद वळतो. गुंडाळताना करकरलं, तेव्हाच मला कळलं होतं. तुझा रंग बरोबर होता."

तिनं ब्रश खाली ठेवला. "मग तू तसं का म्हणालास?"

"लाज वाटली मला."

तिनं ब्रशातलं पाणी बोटांनी निपटून काढलं. "पण तिला अजून वाटतं, मीच वाईट काढलं."

त्यानं आमच्यासमोर फोन लावला. भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "साहेब, त्या चित्राचं... पोरीची चूक नव्हती. माझी होती. मी खोटं बोललो." मग नुसताच ऐकत राहिला. मग फोन ठिपकीच्या हातात दिला, आणि दोघी मैत्रिणी खिदळत बोलत बसल्या.

"काय म्हणाले?" मी हळूच विचारलं.

"म्हणाले, ते मला तेव्हाच कळलं होतं, पेंटर." तो खाली बघत होता. "म्हणाले, चित्राचं काही नाही, पण तुमच्या पोरीचा चेहरा बघवला नाही मला."

ठिपकी आता पुन्हा जाड रंगवते. पेटीतले रंग संपले की बापाचं डिस्टेंपर चालतं, त्यात डिंक घालून. पांढरा हात बंद. पण चित्र वाळलं, की ती आधी त्याचा कोपरा नखानं खरवडते, मग कागद हळूच वाकवून कानाशी नेते.

"अगं, नाही पडणार. मी सांगतोय ना," भाऊ म्हणतो.

"बरं," ती म्हणते, आणि तरीही कागद वाकवून ऐकते.