उंबऱ्याबाहेरचा इन्स्पेक्टर

गिरीधररावांनी उभा जन्म तमिळ मुलखातल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात काढला. काम साचे बनवण्याचं, म्हणजे केसाएवढी चूक झाली तरी माल परत. त्याचा परिणाम असा, की निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी या गृहस्थाच्या सदऱ्याच्या खिशातून मापायचा व्हर्नियर काही सुटला नाही. पोळी जाड झाली तर ते बोलून दाखवायचे नाहीत, नुसता व्हर्नियर काढून ताटाशेजारी ठेवायचे. कनकाबाई तो उचलून फ्रिजवर टाकायच्या आणि पुढची पोळी मुद्दाम आणखी जाड लाटायच्या.

घर आदंबाक्कममध्ये. चारी बाजूंनी अपार्टमेंट उठली होती आणि मधोमध यांचं बैठं घर, वर गच्ची आणि जिन्याची खोली. मागच्या अंगणात एक नारळ, एक कढीपत्ता आणि गिरीधररावांनी स्वतःच्या हातांनी बांधलेलं सिमेंटचं तळं. तळ्यात कमळाची कुंडी, गोल्डफिश आणि काळे मॉली मासे. त्या तळ्याच्या काठाला पाणसळ लावून बघा, बुडबुडा जागचा हलायचा नाही. हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत, आणि पाहुण्याने मागितली नाही तरी पाणसळ घेऊन येत.

घराणं तंजावूरकडचं मराठी. देवापुढे मराठी, भाजीवाल्याशी तमिळ आणि मुलाशी दोन्हींची खिचडी. मुलगा मुरली सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तिथेच त्याची संयुक्ताशी गाठ पडली. ती पुण्याची. मराठी सून मिळाली म्हणून कनकाबाईंना कोण आनंद झाला होता! आता दोघी मराठीच बोलत, पण एकमेकींचं निम्मं बोलणं अंदाजानेच समजून घेत, ही गोष्ट वेगळी.

तर या संयुक्ताने सासऱ्यांच्या वाढदिवसाला कोळत्तूरच्या मासेबाजारातून एक प्लास्टिकचा डबा आणला. झाकण उघडलं तर आत हिरवं, चिमुकलं कासव. डोळ्यांमागे दोन्हीकडे लाल पट्टा.

"अम्मा, आमच्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं ना! घरात असलं की लक्ष्मी टिकते म्हणतात. आईने पितळेचं ठेवलंय. म्हटलं, अप्पांचं तळं आहे, तर जिवंतच देऊ या."

कनकाबाईंचा चेहरा असा झाला, की कुणी दारात प्रेत आणून ठेवलंय. कारण तमिळ मुलखात घरात कासव शिरणं म्हणजे त्या घराचं वाटोळं ठरलेलं. आणि तंजावूरच्या या मंडळींनी भाषा जपली तिकडची, देव जपले तिकडचे, पण भीती मात्र सगळी इकडची उचलली होती. कनकाबाईंच्या आईने, आजीने हेच सांगितलेलं. पण सुनेचा हसरा चेहरा समोर होता. बाई म्हणाल्या, "बरें, बरें. सुंदर आहे."

मुलगा-सून फाटकाबाहेर पडले मात्र, कनकाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"अय्यो, आमै! जिवंत कासव! वैऱ्याच्या घरींही कोणी नेऊन देईल का हें?"

"त्या पोरीला काय ठाऊक? तिच्या गांवांत तें शुभ."

"म्हणूनच तिला एक अक्षर सांगायचें नाहीं. मनाला लावून घेईल. पण तें घरांत राहायचें नाहीं."

गिरीधररावांनी डब्यात पाहिलं. कासवाने मान लांब काढून त्यांच्याकडे पाहिलं. आणि त्या क्षणी, खरं सांगायचं तर, म्हाताऱ्याचा जीव तिथे अडकला.

"घरांत कोठें राहतें आहे?" ते म्हणाले. "तळें अंगणांत. घर म्हणजे उंबऱ्याच्या आंत. तूं उंबऱ्याबाहेरच्या जागेला घर म्हणतेस का?"

कनकाबाई विचारात पडल्या. हिशेबी बाई, मुद्दा पटला की नाकारायच्या नाहीत. "शरि," त्या शेवटी म्हणाल्या. "बाहेर राहूं दे. पण ज्या दिवशीं तें आपल्या पायांनीं उंबरा ओलांडून आंत येईल, त्याच दिवशीं कोळत्तूरला परत. शब्द द्या."

गिरीधररावांनी तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

कासवाचं नाव पडलं इन्स्पेक्टर. कारखान्यात माल तपासायला एक इन्स्पेक्टर येत, ते अशीच मान लांब करत, वस्तू खालून वरून बघत आणि काही न बोलता तोंड फिरवत. कासवही खाण्याच्या गोळ्या असंच बघायचं आणि नापास करायचं. आपल्या हातचा माल पुन्हा नापास व्हायला लागला याचं गिरीधररावांना वाईट वाटायला हवं होतं, पण ते उलट खूश होते. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कामाचं म्हणून मान वर करून बघणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. सकाळची कॉफी ते तळ्याच्या काठावर पीत आणि त्याच्याशी गप्पा मारत. लोकांनी ऐकलं तर हसतील म्हणून हळू आवाजात.

मग मासे कमी व्हायला लागले. गिरीधररावांनी खंड्या पक्ष्यावर आळ घेतला आणि तळ्यावर जाळी बसवली, चौकट काटकोनात, खिळे एका ओळीत. मासे आणखी भराभर कमी झाले. एक दिवस दुपारी त्यांनी इन्स्पेक्टरच्या तोंडातून गोल्डफिशचं शेपूट लोंबताना पाहिलं आणि आपण चोराला आत ठेवून बाहेरून कडी लावली, हे त्यांच्या लक्षात आलं. ही बातमी कनकाबाईंना कळली असती तर कासवाच्या खात्यात आणखी एक पाप जमा झालं असतं. म्हणून ते पिशवीत लपवून नवे मासे आणू लागले.

"हा मासा काल पिवळा होता," कनकाबाई एकदा मागच्या दारातून म्हणाल्या.

"उन्हानें रंग चढतो," गिरीधरराव म्हणाले.

कनकाबाईंनी एकदा आकाशाकडे, एकदा माशाकडे पाहिलं आणि दार लोटलं.

पण खरी कटकट पुढेच होती. इन्स्पेक्टर ताटलीएवढा झाला, जाळीच्या कोपऱ्यातून बाहेर पडायला शिकला आणि बाहेर पडला की नाकासमोर चालत मागच्या दाराकडे यायचा. दुसरीकडे म्हणून जायचा नाही. गिरीधररावांनी दाराच्या चौकटीला दोन्हीकडे खाचा बसवल्या आणि त्यात सागवानी फळी सरकवली. व्हर्नियरने मापून केलेली, की मुंगी शिरायची नाही. कनकाबाईंनी आपल्या बाजूने फळीबाहेर रोज कोलम घालायला सुरुवात केली, वर हळदीकुंकू. पुढच्या दारी लक्ष्मी आत यावी म्हणून रांगोळी आणि मागच्या दारी हे बाहेर राहावं म्हणून. इन्स्पेक्टर शांतपणे कोलमवरून पोट घासत जायचा, फळीशी थांबायचा आणि मान वर करून फळी नापास करायचा. फळीने त्याला अडवलं खरं, पण ठेच लागून जास्त वेळा पडले ते गिरीधररावच.

मिक्सर जळाला. बोअरचं पाणी खारट झालं. कनकाबाईंचा गुडघा धरला. दर वेळी त्या मागच्या दाराकडे बघायच्या, आणि गिरीधरराव घाईघाईने विषय बदलायचे. दर रविवारी संयुक्ता आली की विचारायची, "अम्मा, आपलं कासव कसं आहे?" कनकाबाई हसून म्हणायच्या, "त्याला काय होतें?" आणि जेवायला वाढायच्या.

मग त्या डिसेंबरात वादळ आलं. रात्रभर पाऊस कोसळला आणि सकाळी वीज गेलेली, गल्लीचा ओढा झालेला. सिरुसेरीहून मुरलीचा फोन आला, "अप्पा, वर जा, वर जा," आणि मध्येच तुटला. दोघा म्हाताऱ्यांनी देव वर नेले, तांदूळ वर नेले, लग्नातलं पितळी घंगाळ पिण्याचं पाणी भरायला वर नेलं. गिरीधरराव मागच्या दाराशी आले तर अंगण नव्हतंच. तळं कुठे संपतं आणि गल्ली कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. ज्या काठाचा बुडबुडा कधी हलला नाही तो काठ पाण्याखाली गेला होता. मासे गेले होते. इन्स्पेक्टरही दिसत नव्हता.

"इन्स्पेक्टर!" ते ओरडले. या वेळी हळू आवाजात नाही. सगळ्या अपार्टमेंटांनी ऐकलं तरी त्यांना पर्वा नव्हती. काळं पाणी गल्लीतल्या गटाराकडे धावत होतं.

तेवढ्यात फळीवर खरखर झाली. फळीला बाहेरून पाणी भिडलं होतं आणि त्या पाण्यात इन्स्पेक्टर नखं रोवून लटकला होता. लाट आली की सुटायचा, पुन्हा येऊन धरायचा. मान वर होती. तो सरळ गिरीधररावांकडे बघत होता.

गिरीधररावांनी हात पुढे केले आणि तसेच थांबले. फळी उचलली तर तो आत येणार. आत आला की परत कोळत्तूर. फळी नाही उचलली तर गटार. जन्मभर दिलेलं माप कधी चुकवलं नव्हतं आणि आता दिलेला शब्द समोर उभा होता. ते फळी धरून लहान मुलासारखे रडायला लागले.

"सरका," मागून आवाज आला.

कनकाबाईंनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं होतं. त्यांनी नवऱ्याला कोपराने बाजूला केलं, फळीवरून वाकल्या आणि ज्याला आजवर कधी बोट लावलं नव्हतं त्या कासवाला दोन्ही हातांनी उचललं. त्याने पाय झाडले, बाईंच्या लुगड्यावर चिखल उडाला. "गप्प बस," त्या त्याला म्हणाल्या आणि दुखऱ्या गुडघ्याने जिना चढू लागल्या. त्या वर पोचतात न पोचतात तोच पाणी फळीवरून आत आलं.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा मुरली आणि संयुक्ता दुधाच्या पिशव्या आणि मेणबत्त्या घेऊन चिखल तुडवत आले. संयुक्ताचे डोळे सुजले होते. जिन्याच्या खोलीत देवांच्या शेजारी, पितळी घंगाळात, इन्स्पेक्टर बसलेला तिने पाहिला आणि तिला रडू फुटलं.

"अम्मा, मला ऑफिसातल्या मैत्रिणीने आत्ता सांगितलं. इकडे हे अशुभ असतं म्हणून. मला खरंच माहीत नव्हतं हो! तुम्ही एवढे दिवस बोलला नाहीत. घरात पाणी शिरलं, सगळं गेलं, माझ्यामुळे. मी आजच त्याला परत नेते."

गिरीधररावांनी कोपऱ्यातली बादली पुढे केली. ती त्यांनी सकाळीच धुऊन ठेवली होती. "मीं शब्द दिला आहे," ते खाली मान घालून म्हणाले. "तें घरांत आलें."

कनकाबाई कॉफीचं दूध तापवत होत्या. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"आलें? तें कोठें आलें?" त्या म्हणाल्या. "आपल्या पायांनीं आलें असतें तर गोष्ट वेगळी. तें आलें नाहीं. मीं आणलें. आमच्या घरांत मीं ज्याला उचलून आणतें तो पाहुणा. पाहुण्याला बादलींत घालून घालवतात का?"

गिरीधररावांनी बायकोकडे पाहिलं. उंबऱ्याचा कायदा त्यांनी काढला होता, पण पळवाट इतक्या बारीक मापाची त्यांना आयुष्यात जमली नसती.

"आणि तूं रडूं नको," कनकाबाईंनी सुनेचे डोळे पदराने पुसले. "पाणी अस्क्या गल्लींत, सगळ्यांच्याच घरांत शिरलें. अस्क्या गल्लीनें काय आमै पाळलें होतें? जा, त्या इन्स्पेक्टराला खायला दे. दोन दिवस उपाशी आहे. आणि तुझ्या सासऱ्यांना विचार, तो काय खातो. त्यांना नीट ठाऊक आहे. रंग बदलणारे मासे."

गिरीधररावांचे कान लाल झाले. विषय बदलायला म्हणून ते घाईने उठले. "मीं खालीं जाऊन ती फळी तरी काढून टाकतों."

"फळी राहूं द्या," कनकाबाई म्हणाल्या. "तिला हात लावायचा नाहीं. तें आंत येईल तेव्हां मींच आणीन."