खेचर का थांबतं

ते वाक्य माझं आहे, हे आधीच सांगून टाकतो. "ही गेम बनवण्यापेक्षा यांनी म्हशी राखल्या असत्या, तर निदान दूध तरी मिळालं असतं." आमच्या कोल्हापूरच्या गेमवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये हे वाक्य वर्षभर म्हणीसारखं फिरत होतं. कुणाचा गोल हुकला, कुणाची गाडी दरीत गेली, की लगेच कुणीतरी लिहायचं, "मर्दा, म्हशी राख." आणि मी त्याखाली हसरा चेहरा टाकायचो.

ज्या गेमबद्दल मी ते लिहिलं, ती मी आधीही रोज खेळत होतो आणि नंतरही रोज खेळत राहिलो. गुपचूप.

गेम साधी आहे. खेचराच्या पाठीवर दोन बाजूंना मिठाची दोन पोती लादायची, डोंगरातल्या गावांत नेऊन विकायची. मारामारी नाही, शत्रू नाही. जगभरच्या खेळाडूंनी तिला धुऊन काढलंय आणि ते सगळं खोटं नाही. झाडं जमिनीच्या वीतभर वर तरंगतात. प्रत्येक गावात तोच एक म्हातारा भेटतो, फक्त टोपी बदलून. आणि सगळ्यांत मोठी तक्रार म्हणजे खेचर चढावर मधेच थांबतं. काही करा, हलत नाही. लोक म्हणतात बग आहे, आणि गेम पुसून टाकतात.

मलाही बगच वाटला होता. एका संध्याकाळी असाच अडकून पडद्याकडे बघत बसलो होतो आणि एकदम वडील आठवले. आमच्या घरी सहा म्हशी होत्या. वडील सायकलीला दोन बाजूंना दुधाच्या दोन किटल्या अडकवून घरोघर रतीब घालायचे. उजवीकडची किटली अर्धी झाली की ते पाय टेकून थांबायचे, डावीकडचं दूध तिच्यात ओतायचे, दोन्ही सारख्या करायचे, मगच पुढे. नाहीतर सायकल एका अंगाला ओढते. आणि मी? मी चार गावं उजव्याच पोत्यातलं मीठ विकत आलो होतो!

डावीकडचं मीठ उजवीकडे भरलं. खेचरानं मान झटकली आणि चालू लागलं. मी खुर्चीतून उभाच राहिलो. ते बिघडलेलं नव्हतंच! त्याला ओझं जाचत होतं आणि हे कुणीतरी विचार करून, मुद्दाम तसं बनवलं होतं.

"काय झालं हो?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"चाललं! खेचर चाललं!"

"बरं झालं. आता तुम्ही पण चला, दळण आणायचंय."

आता कबुलीचा भाग. त्यानंतर पंधरा दिवसांनीच मी ते वाक्य लिहिलं. ग्रुपमध्ये या गेमची टिंगल चालली होती. आमच्यातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा गडी, एका शाळेतला पी. टी. चा मास्तर, त्यानं विचारलं, "असली भिकार गेम खेळतंय तरी कोण?" मी पन्नाशीचा माणूस, दूध संस्थेत फॅट तपासतो. कामावर गेमचं नाव काढलं तर लोक माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात. या ग्रुपशिवाय मला याबद्दल बोलायला जागा नाही. ती जाईल या भीतीनं मी लिहिलं, "एक दिवस खेळलो, टाकून दिली," आणि गेम विकणाऱ्या साइटवर एक तारा देऊन ते म्हशींचं वाक्य मराठीत डकवलं, वर त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खेचर का थांबतं ते ठाऊक असताना. ज्यांच्या दुधावर मी शिकलो, त्या म्हशींचीच शिवी करून.

चार महिन्यांनी तिथं गेम बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. यंत्रानं केलेल्या मराठीत: "प्रिय खेळाडू, आम्ही दुःखी आहोत. आम्ही चार लोक आहोत. म्हैस आमच्याकडे नाही. खेचर माझ्या आजोबाचे होते. ते असेच थांबत असे. आम्ही अधिक चांगले करू."

मी ते कितीदा वाचलं असेन. उत्तर मात्र लिहिलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही पाच जण एका मित्राच्या छापखान्याच्या माडीवर जमलो. मोठा टीव्ही त्याच्याकडेच आहे. मास्तर म्हणाला, "आज म्हशीवाली गेम लावू. हसून पोट तरी दुखंल." त्यानं खेचर लादलं, तीन गावं केली आणि चढावर ते थांबलं.

"आलं बघा! अडलं गाढव!"

"खेचर हाय ते."

"असू दे की! म्हशी राखा म्हनावं!"

सगळे एका सुरात माझं वाक्य म्हणू लागले. मास्तर बटणं बडवत होता. खेचर पाय रोवून उभं. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अरे, बडवू नकोस त्याला. उजवं पोतं हलकं झालंय. डावीकडचं मीठ तिकडं भर."

मास्तरनं तसंच केलं. खेचर चाललं.

"तुला रं कसं ठावं?" छापखानावाल्यानं विचारलं. "हे तर कुठं लिहिल्यालं न्हाय."

"रोज खेळतोय," मी म्हणालो. "दीड वर्ष झालं."

"मग ते म्हशीचं?"

"खोटं लिहिलं. तुम्ही हसाल म्हणून."

आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबताच येईना. वडिलांच्या किटल्या सांगितल्या. फोन काढून ते उत्तर मोठ्यानं वाचलं. "आम्ही दुःखी आहोत"वर दोघं फिसकन हसले, पण "आजोबाचे होते"ला कुणी हसलं नाही.

"मग तू काय उत्तर दिलंस?" मास्तर म्हणाला.

"काही नाही."

"लाज वाटंना व्हय रं? लिही की आत्ता! माझ्यासमोर लिही."

मी साइटवरचं ते जुनं वाक्य पुसलं आणि लिहायला बसलो. बाकीचे मागून सांगत होते, "झाडं तेवढी जमिनीला टेकवा म्हनावं," "म्हाताऱ्याला एखादा भाऊ द्या." तेही लिहिलं, कारण ते खरं होतं. मग आमच्या सहा म्हशींबद्दल लिहिलं, सायकलीबद्दल लिहिलं, आणि का थांबतं ते कळल्यापासून तुमचं खेचर मला आवडतं, असं लिहिलं.

"आयला, परत थांबलं!" मास्तर ओरडला.

मी मान वर केली. खेचर पुलाच्या तोंडाशी उभं होतं. मला कारण दिसत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मास्तरनं माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"सांगू नको. मला बघू दे." आणि पडद्याजवळ सरकून तो एकेक पोतं तपासू लागला.