शंभरपर्यंत मोजायची गाडी

जुनी टर्बो गाडी टिकत नाही असं जो म्हणतो, त्याने ती टिकवून बघितलेली नसते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच, बघा, हिचीही बिघडली की. बिघडली. का बिघडली तेच सांगायचं आहे, आणि त्यापायी एका माणसाचं काय झालं तेही.

गाडी माझ्या भावाची. लाल, दोन दरवाजांची, जपानी. रॅलीच्या नादी लागलेल्या कुणा हौशी माणसाने ती बाहेरून आणली, धुळीच्या रस्त्यांवर पिळून काढली आणि मन भरल्यावर टाकून दिली. दादाने ती उचलली, दोन वर्षांचे रविवार घालवून रस्त्यावर आणली, आणि मस्कतला नोकरी लागल्यावर माझ्या हातात किल्ली ठेवून निघून गेला. "मी येईपर्यंत सांभाळ," एवढंच म्हणाला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. आई त्याच्या आदल्या वर्षी गेलेली, वडील तर मला आठवतही नाहीत. सिडकोतल्या दोन खोल्यांत मी आणि खाली रस्त्याकडेला ती, अशा आम्ही दोघी उरलो.

गाडीबरोबर दादाने मला मेस्तरी दिले. अंबडला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. मूळचे चांदवडकडचे. टर्बोचं काम करणारा नाशकात तेव्हा दुसरा कुणी मला तरी माहीत नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी बॉनेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं.

"ताई, ही गोगलगायीसारखी दिसती ना, ती टर्बो. इंजिनाचा धूर हिच्यातली चाकी फिरवतो, अन् चाकी इंजिनात जास्तीची हवा कोंबती. म्हणून एवढीशी गाडी घाटात ट्रकांना मागं टाकती."

"मग बिघडते का?"

"माणसं बिघडवत्यात. चाकीचा दांडा तेलावर तरंगतो. गाडी ताणून आणली की हे सगळं लालभडक होतं. तशात तुम्ही इंजिन बंद केलं, की तेल यायचं थांबलं, चाकी मात्र फिरतीच हाय. गॅसवर तवा तसाच राहिला तर तव्यावरच्या तेलाचं काय होतं?"

"जळून काळं चिकटतं."

"तेच. म्हणून गाडी थांबली की चावी काढायची नाय. शंभरपर्यंत मोजायचं, मग काढायची. सकाळी निघताना बी तेच, गार गाडी ताणायची नाय. तेल वेळेवर बदला. मग बघा कशी बिघडती ती."

मी मोजायला लागले. घराखाली गाडी उभी करायची, इंजिन चालू, मी आत, ओठ हलताहेत. समोरच्या काकू गॅलरीतून रोज बघायच्या. एकदा न राहवून ओरडल्या, "काय गं, जप करतेस का गाडीत बसून?"

"गाडी थंड करतेय, काकू."

"मग पाणी मार की तिच्यावर!"

काकूंना हसू नका. त्यांनी निदान विचारलं तरी. बाकी अख्ख्या गल्लीत माझ्याशी कुणी बोलत नसे. एकटी मुलगी, दारात लाल गाडी, आणि काम काय तर सभा घेणं आणि पत्रकं वाटणं. मी ग्राहकांच्या एका छोट्या मंडळात काम करत होते. भेसळीचं तेल, वजनात मारणारे दुकानदार, वॉरंटीच्या नावाखाली हात वर करणारे कंपनीवाले, सगळ्यांवर मी लिहायची. लोक पत्रक घ्यायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. घरी आल्यावर शंभरपर्यंत मोजताना कधी कधी जाणवायचं, की दिवसभरात मोठ्याने बोललेलं हेच.

म्हणून रविवार. रविवारी दुपारी मी काही ना काही निमित्त काढून शेडवर जायची. मेस्तरी एअर फिल्टर झटकायचे, होजच्या क्लिपा आवळायचे आणि माझं पत्रक मोठ्याने वाचून त्याच्यावर टीका करायचे. "ह्यात शिव्या लय झाल्या, ताई. माहिती कुठंय?" मी भांडायची. चहा यायचा. दादाचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग सणाला. रविवार मात्र चुकला नाही. गाडीही चुकली नाही. पाच वर्षं कसलाही त्रास नाही, आणि लोक मला सांगायचे, जुनी टर्बो म्हणजे घरात आजारी माणूस!

मंडळाची महिन्याची बैठक कल्याणला असे. येताना कसारा घाट. खरं सांगते, त्या घाटासाठीच मी बैठकीला जायची. तिसऱ्या गिअरमध्ये ती गाडी शिट्टी वाजवत चढायची, तेव्हा मी एकटी आहे हे माझ्या लक्षातही यायचं नाही.

मग एके दिवशी ती निळा धूर ओकायला लागली. मेस्तरींनी टर्बो उतरवून उघडली. आतला दांडा काळा, कोळशाचा थर चढलेला. त्यांनी आतले भाग बदलले, नीट बसवून दिली. वर्षभराने पुन्हा तोच धूर. पुन्हा तोच थर.

"ताई, गाडी गरम असताना बंद होतीय कुठंतरी."

"मी शंभर मोजते. एकदाही चुकले नाही."

"आठवून बघा."

"आठवायचं काय त्यात? तुम्ही जुने भाग घातले असतील."

त्यांनी हातातला दांडा फडक्यावर ठेवला. "मी घातलेलं तुम्ही बघितलंय, ताई. तुमच्यासमोर घातलंय."

"मग हे का झालं, सांगा."

"मला नाय ठाऊक."

मला नाही ठाऊक! हेच उत्तर मी प्रत्येक लबाड दुकानदाराकडून ऐकलेलं. डोकं असं फिरलं, की घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं. 'टर्बोच्या नावाखाली लूट. अंबडच्या कामगारबंधूंनो, सावध!' नाव घातलं नाही. मंडळात आम्हाला शिकवलेलंच तसं: नाव घालायचं नाही म्हणजे कोर्टाची भीती नाही, पण ओळख पटेल एवढं लिहायचं. टर्बोचं काम करणारा एकच माणूस असताना नावाची गरज काय? आणि भाग जुने असल्याचा पुरावा? तो माझ्याकडे नव्हता. राग होता, तो मी पुराव्याच्या जागी छापला. शिफ्ट सुटायच्या वेळेला कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहून गठ्ठाच्या गठ्ठा वाटला. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांनी माझं पत्रक खिशात घातलं, घडी करून. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

गाडी ट्रकवर चढवून कल्याणच्या एका गॅरेजात नेली. नवी टर्बो बसवून घेतली आणि परत निघाले.

घाट चढून घाटनदेवीपाशी आले. घाट चढलेल्या गाडीने तिथे थांबायचं, ही आमच्याकडची रीत. आणि देवीसमोर इंजिन बंद. ते आईने शिकवलेलं. लहानपणी एकदा जीपने येताना ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवूनच हात जोडले, तर आई त्याला म्हणाली होती, "आईसमोर घरघर करत उभं राहतात का, भाऊ?" मी देवभोळी नाही, सभांमधून तसं सांगतेही. पण तिथे थांबले की हात आपोआप किल्लीकडे जायचा. आधी गाडी बंद, मग नमस्कार. तसंच केलं.

त्या दिवशी घाटात खाली कुठेतरी ट्रक आडवा झालेला. माझ्यामागे एकही गाडी नव्हती, रस्ता सुनसान. इंजिन बंद झालं आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी येत राहिली. इंजिन बंद आहे आणि शिट्टी वाजतेय. नवी चाकी, मोकळी फिरत होती. फिरतच होती. हळूहळू खाली येत ती थांबली, आणि जोडलेले हात मला खाली घेता येईनात.

पाच-सहा वर्षं. दर महिन्याला. सगळ्या रस्त्यात गाडी सर्वांत जास्त तापायची जागा तीच, आणि मी घराखाली, बाजारात, सपाट रस्त्यावर शंभर मोजत होते आणि तिथे एकही नाही. मेस्तरी म्हणाले होते, आठवून बघा. मी आठवायला तयार नव्हते, कारण ते माझ्या लेखी गाडी बंद करणं नव्हतंच. तो नमस्कार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेडवर गेले. एरवी चार-पाच गाड्या असायच्या, आता एक रिक्षा. मी सगळं सांगितलं. मेस्तरी पान्यानेच कपाळ खाजवत म्हणाले, "देवीपुढं?"

"हो."

"हात् तिच्या! मी बी तिथं बंदच करतो. जल्मात कधी चालू ठेवली नाय. मला सुचायला पाहिजे होतं."

"तुम्ही असं बोलू नका. मी दुसरं पत्रक काढते. तुमचं नाव घालून. चूक माझी होती म्हणून."

"नाव नका घालू. पहिल्यात नव्हतं, तरी सगळ्यांला कळलं. आता घातलं तर जे विसरलेत त्यांला बी आठवंल."

मी बिननावाचंच काढलं आणि त्याच फाटकांवर वाटलं. 'टर्बोबाबत आमची चूक'. एका कामगाराने वरची ओळ बघून मला परत दिलं. "हे दिलंय ताई तुम्ही मागच्या महिन्यात."

"हे वेगळं आहे, वाचा तरी."

"टर्बोचंच हाय ना? त्याच्याकडं जायचं नाय, माहितीय आम्हाला."

संध्याकाळी फाटकासमोरचा रस्ता माझ्या कबुलीने पांढरा झाला होता. 'लूट'चं पत्रक खिशात घालून नेणारे हेच लोक.

दिवाळीच्या आत मेस्तरींनी शेड सोडली आणि चांदवडला गेले. आता कांद्याच्या पिकअप आणि ट्रॅक्टर बघतात. मी एकदा गेले होते. चहा पाजला, गाडीचा आवाज ऐकला, "चांगली हाय," म्हणाले. मी पत्रकं आणली नव्हती, त्यांनी विचारलीही नाहीत. निघताना पुन्हा या म्हणाले नाहीत. बरोबरच आहे. दादाचा फोन आला तेव्हा हे सगळं मी त्याला सांगायला लागले. त्याने मध्येच विचारलं, "अजून आहे ती गाडी?"

आहे. ती टर्बो बसवून आता इतकी वर्षं झाली, धुराचा ठिपका नाही. कुणी विचारतं, एवढी जुनी, कुणी सांभाळली? तेव्हा मी मेस्तरींचं नाव गाव सांगते, चांदवडला कुठे बसतात तेही. इथे लिहिलं नाही, कारण ते नको म्हणाले होते.

कल्याणहून येताना घाटनदेवीपाशी अजूनही थांबते. इंजिन चालू ठेवते, हात जोडते आणि मोजते. मागच्या खेपेला शेजारच्या ट्रकमधून क्लीनर ओरडला, "ओ ताई, बंद करा की! समोर आई हाय, दिसत नाय का?"

मी एकसष्टवर होते. थांबले नाही.